आधी पाऊस मोजा, मग पायथन: आठवी-नववीच्या मुलांना प्रोग्रामिंग आणि आलेख कसे शिकवायचे

ओळखीचे शिक्षक बरेचदा विचारतात की मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचंय, सुरुवात कुठून करू, कुठलं सॉफ्टवेअर टाकू. मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत गणित शिकवतो, आठवी-नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागून आता काही वर्षं झाली, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं. सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी मुलांच्या हातात त्यांनी स्वतः मोजलेले आकडे असू देत.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं होतं. संगणक म्हणजे काय, मग प्रिंट, मग व्हेरिएबल (किंमत ठेवायचा नावाचा डबा), मग इफ-एल्स (अट), प्रत्येकाची व्याख्या वहीत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलांचे चेहरे पडले, कारण त्या प्रोग्राममधून जे उत्तर यायचं ते कुणालाच हवं नव्हतं, ५ आणि ७ ची बेरीज त्यांना तोंडी येतेच की. दुसऱ्या वर्षी जून महिन्यात आम्ही शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक ठेवला आणि तिथून सगळंच बदललं. म्हणून हे सगळं मी पावसाच्या उदाहरणानेच सांगतो, तुमच्याकडे दुसरं काही मोजण्यासारखं असेल तर ते घ्या.

बाटलीचा पर्जन्यमापक

कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घ्या, पण सरळ बाजूंची, मध्ये कंबर असलेली नको. खांद्याच्या खाली कापा आणि वरचा तुकडा उलटा करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखा बसवा. तळ सपाट नसतो, तिथे मुलं हमखास चुकतात, म्हणून तळाशी खडे टाकायचे (बाटली वाऱ्याने पडत पण नाही) आणि बाजू जिथून सरळ सुरू होतात तिथपर्यंत पाणी ओतून मार्करने रेघ मारायची, ते आपलं शून्य. पट्टीचं शून्य त्या रेघेवर येईल अशी पट्टी चिकटपट्टीने लावा. रोज वाचून झालं की पाणी परत त्या रेघेवर आणून ठेवायचं, कोरड्या दिवसात ते उडून रेघेखाली जातं तेव्हा वरून भरायचं. झाडाखाली नको, भिंतीलगत नको, मोकळ्यात ठेवा.

दर वर्षी कुणीतरी घरून मोठं नरसाळं आणतं आणि विचारतं की हे लावलं तर जास्त पाणी जमेल ना सर. जमेल, आणि म्हणूनच नाही लावायचं, तोंड बाटलीपेक्षा रुंद झालं की पट्टीवरचं वाचन खोटं होतं. हे तास खर्च करून नीट बोलण्यासारखं आहे. १ मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे एकदा सांगा आणि शाळेचं छप्पर मोजायला पाठवा. छप्पर २० मीटर बाय ८ मीटर भरलं तर १६० चौरस मीटर, त्यावर १२ मिमी पाऊस म्हणजे १९२० लिटर. शाळेची टाकी किती लिटरची आहे हे मुलांना माहीत असतं, ती आपसातच बोलायला लागतात, आपल्याला काही करावं लागत नाही.

वाचनाची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खातंही मागच्या २४ तासांचा पाऊस साडेआठलाच नोंदवतं, म्हणजे आपले आकडे पुढे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. शाळा अकराला भरत असेल तर जवळ राहणाऱ्या दोघांची पाळी लावा, आणि पाळीत मुली पण हव्यात.

एक किस्सा सांगतो. पहिल्याच महिन्यात रजिस्टरमध्ये रविवारी ० आणि सोमवारी ६१ लिहिलेलं दिसलं. मी विचारलं रविवारी पाऊस नव्हता का, तर पाळीवाली मुलगी म्हणाली, "सर रविवारी कुणी आलंच नाही ना, म्हणून शून्य लिहिलं." मग अर्धा तास आम्ही त्या एका शून्यावर बोललो. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सोमवारचे ६१ हे दोन दिवसांचे मिळून आहेत, त्यातले रविवारचे किती ते आता कुणालाच कळणार नाही. तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये न मोजलेला दिवस रिकामा सोडतात आणि शेजारी कारण लिहितात. डेटा ह्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा माझ्या मते हाच, आणि तो संगणक चालू करायच्या आधी झाला.

कागदावरचा आलेख चुकवू नका

महिन्याभराचे आकडे जमले की लगेच लॅबमध्ये नेऊ नका, आधी आलेख कागद द्या. स्तंभालेख, जोडस्तंभालेख, शतमान स्तंभालेख हे सगळं मुलांनी गणिताच्या पुस्तकात केलेलं असतं, पण तिथे प्रमाण पुस्तकानेच ठरवून दिलेलं असतं. इथे ते स्वतः ठरवायचंय. बहुतेक जण पहिले दोन-तीन दिवस बघून १ सेमी = २ मिमी असं झकास प्रमाण घेतात आणि मग ९६ मिमीचा दिवस आला की स्तंभ कागदाबाहेर जातो. खोडरबर निघतो, सगळं परत. खोडू द्या. दोनदा खोडून झालं की कुणीतरी म्हणतंच की सर हे कॉम्प्युटरवर नाही का होणार, आणि त्या वाक्याची मी वाट बघत असतो. प्रोग्राम कशासाठी असतो हे आता त्यांना सांगावं लागत नाही, हात दुखून कळलेलं असतं.

लॅबची तयारी

आमच्याकडे दहातले सहा पीसी चालतात, दोन गिग रॅम, नेट येतं-जातं. तुमच्याकडेही साधारण असंच असेल असं धरून चालतो. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढचं व्हर्जन त्यावर चालत नाही, हे माहीत नसल्यामुळे आमचे दोन शनिवार गेले. ३.८ टाका, त्याच्यासोबत आयडल नावाचा एडिटर येतोच, सुरुवातीला तेवढा पुरे. नवीन मशीन असेल तर थॉनी टाका, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी म्हणून बनलेला एडिटर आहे आणि त्यात प्रोग्राम एकेक पायरी चालवून बघता येतो, कुठल्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते शेजारी दिसतं, मुलांना हे फार आवडतं.

चार्टसाठी मॅटप्लॉटलिब लागेल, ती आलेख काढायची लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच आहे, ते वेगळं टाकावं लागतं. लॅबमध्ये नेट नसेल तर घरच्या मशीनवर पिप (पायथनच्या लायब्ररी उतरवायचं साधन) डाउनलोड कमांडने फाईल्स उतरवून पेन ड्राइव्हवर न्या, फक्त पायथनचं व्हर्जन आणि ३२ बिट की ६४ बिट हे दोन्हीकडे सारखं पाहिजे, नाहीतर लॅबमध्ये जाऊन एरर बघत बसाल.

एका पीसीवर दोघं, आणि आमच्याकडे त्याला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणतात. ड्रायव्हर टाईप करतो, कंडक्टर वहीत बघून पुढची ओळ सांगतो, चूक दिसली की टेबलावर टकटक करून गाडी थांबवतो, कीबोर्डला हात लावत नाही. दर दहा मिनिटांनी मी घंटी वाजवतो, अदलाबदल. घंटी सक्तीची ठेवा. ती नसली की पूर्ण तास कीबोर्ड एकाच्याच ताब्यात राहतो आणि मिश्र जोडीत तो बहुतेक वेळा मुलाच्या ताब्यात राहतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पहिला प्रोग्राम म्हणजे पहिला चार्ट

आता कोड. खाली मी वाचायला सोपं म्हणून कमांड मराठी उच्चारात आणि आकडे मराठीत लिहितोय, टाईप करताना कमांड आणि आकडे इंग्रजी लिपीतच टाकायचे. पण गंमत म्हणजे व्हेरिएबलची नावं पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात, म्हणजे डाव्या बाजूला खरोखर पाऊस असं लिहिलं तरी चालतं. मात्र लॅबमधल्या मशीनवर मराठी टायपिंग सगळ्यांना जमत नाही, त्यामुळे ज्यांना जड जातं त्यांना मराठी शब्द इंग्रजी अक्षरात लिहू द्या. पुस्तकातली इंग्रजी नावं लादू नका, जे मोजलं त्याचंच नाव असावं.

दहा दिवसांचे आकडे घेऊ:

पाऊस = [१२, ०, ३, ४५, ०, ७, ९६, १८, २, ०]

आणि लगेच दुसऱ्या दोन ओळी:

फॉर मिमी इन पाऊस:
    प्रिंट(मिमी, "#" * मिमी)

बस. रन केलं की प्रत्येक दिवसापुढे तितके हॅश छापले जातात आणि स्क्रीनवर आडवा स्तंभालेख उभा राहतो, कुठलीही लायब्ररी नाही, तीन ओळी. पहिल्यांदा हे चालतं तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. चांदणी छापू नका, गुणाकाराचं चिन्ह पण चांदणीच आहे आणि मुलांचा गोंधळ होतो, म्हणून हॅश. एका जोडीने थेंबाचा थ छापला होता, तोही छान दिसला.

मग ९६ वाली ओळ स्क्रीनच्या पुढे जाऊन दुमडते आणि आलेख कागदावरचाच प्रश्न परत येतो, प्रमाण! आता ते स्वतःच म्हणतात की भाग देऊ. पूर्णांक भागाकाराची खूण दाखवा, दोन तिरप्या रेघा, आणि ४ ने भागायला सांगा. ९६ चे २४ होतात, नीट बसतात. मग विचारा, ३ मिमीचा दिवस कुठे गेला? ३ ला ४ ने भागून पूर्णांक घेतला तर ०, म्हणजे पाऊस पडलेला दिवस चार्टवर कोरडा दिसतोय, २ मिमीचंही तेच. आपण प्रमाण निवडतो तेव्हा काय लपवतोय हे बघायची सवय इथूनच लागते.

"सर, एकूण बरोबर एकूण अधिक मिमी कसं असेल?"

दुसऱ्या आठवड्यात बेरीज. एकूण = ० असं लिहून लूपमध्ये (फॉरच्या आतल्या, प्रत्येक आकड्यासाठी परत परत चालणाऱ्या ओळींत) एकूण = एकूण + मिमी ही ओळ आली की गणितात हुशार असलेली मुलंच आधी अडतात, कारण त्यांच्या दृष्टीने हे समीकरण आहे आणि मिमी शून्य असल्याशिवाय ते खरं होऊच शकत नाही. ती बरोबर आहेत! त्यांना तसं सांगा. गणितातलं बरोबर हे विधान असतं, पायथनमधलं बरोबर हा हुकूम आहे, उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या डब्यात ठेव.

नुसतं सांगून हे उतरत नाही, म्हणून संगणक बंद करून खेळायचं. एक मुलगी पाटी घेऊन उभी, पाटीवर ०, ती एकूण. दहा मुलं रांगेत, प्रत्येकाच्या हातात एका दिवसाचा कागद. पहिला येतो, १२ दाखवतो, ती ० पुसून १२ लिहिते. दुसरा ० दाखवतो, १२ च राहतात. मग १५, मग ६०, ६०, ६७, १६३, १८१, १८३, १८३. पुसणं महत्त्वाचं आहे, जुनी किंमत गेली, परत मिळणार नाही. मग मी मुद्दाम एकूण = ० ही ओळ लूपच्या आत टाकतो आणि परत खेळायला लावतो, प्रत्येक मुलाच्या आधी पाटी कोरी होते आणि शेवटी पाटीवर ० येतं, कारण शेवटचा दिवस कोरडा होता. ही चूक प्रत्येक जण पुढे कधी ना कधी करतो, पण पाटी आठवली की स्वतः शोधून काढतो.

तीच रांग वापरून मोजणी पण शिकवा. हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस, तर इफ लावून मोजा, आपल्या यादीत ६ येतात. २ मिमीचा दिवस त्यात बसत नाही आणि त्यावर वाद होतोच, "सर पण छत्री लागली होती!" वाद होऊ द्या, कुठेतरी रेघ मारावी लागते आणि ती कुणीतरी माणसानेच मारलेली असते हे कळणं चांगलं. ६४.५ च्या पुढे जोरदार पाऊस धरतात, तो एकच दिवस.

सरासरी १८.३ येते. मग विचारा, १८.३ पेक्षा जास्त पाऊस किती दिवस पडला? फक्त दोन दिवस. मध्यक काढला तर ५. पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक परीक्षेपुरतं केलेलं असतं, इथे मुलांना दिसतं की एका ९६ ने सरासरीला कुठल्या कुठे ओढून नेलं. जमलं तर २६ जुलै २००५ चं मुंबईचं उदाहरण सांगा, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३ च्या आसपास. दोघांची सरासरी काढायला लावा, पाचशेच्या वर येते, आणि तेवढा पाऊस दोन्ही ठिकाणी पडलेला नाही.

पेरणीचा प्रश्न

आता तो भाग ज्यासाठी मी हे सगळं करतो. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं शेतकऱ्यांची आहेत, घरी जूनमध्ये दुसरा विषयच नसतो. तर प्रोग्रामचा प्रश्न असा, एकूण पावसाने ७५ कितव्या दिवशी ओलांडले? लूप तोच, त्यात एक दिवस मोजणारा डबा, एक इफ आणि ब्रेक, म्हणजे लूप तिथेच थांबव. उत्तर ७ वा दिवस.

सगळ्यांचं ७ आलं, मी फळ्यावर लिहिलं, तास संपत आला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, "सर सातव्या दिवशी नाही पेरता येणार, वाफसाच नसणार." (वाफसा म्हणजे पाणी मुरून जमीन पेरण्याजोगी होणं.) मी म्हटलं सांग सगळ्यांना. तर तो उठून म्हणाला की सहाव्या दिवसापर्यंत ६७ च झालाय आणि मग एकदम ९६ पडला, तो मुरलाच नाही, ओढ्याला गेला, रानात चिखल आहे, तिफण घालता येणार नाही, दोन-तीन दिवस उघडीप पाहिजे. मग दुसरी म्हणाली की आमची जमीन मुरमाड आहे, आमच्याकडे लगेच वाफसा येतो. तास संपला तरी कुणी उठलं नाही. पुढच्या तासाला त्यांनीच अट बदलली, ७५ ओलांडल्यावर सलग दोन दिवस २० मिमीपेक्षा कमी पाऊस असेल तर पेरा. १८ आणि २, म्हणजे उत्तर ७ वरून ९ वर गेलं. अँड म्हणजे काय, यादीतल्या पुढच्या घराकडे कसं बघायचं, हे सगळं त्यांनी त्या अटीसाठी शिकून घेतलं, मी धडा म्हणून घेतलंच नाही. २० हा आकडा बरोबर की चूक ते मातीवर ठरतं, ते घरी विचारून आले आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.

म्हणून सांगतो, इंटरनेटवरून अमेरिकेतल्या गाड्यांचा किंवा फुलांच्या पाकळ्यांचा तयार डेटा आणू नका. त्यात चूक कुठे आहे हे सांगू शकेल असं वर्गात कुणी नसतं, आणि पावसाच्या आकड्यात तुमच्यापेक्षा जास्त कळणारी दहा मुलं समोर बसलेली असतात.

मॅटप्लॉटलिबवर आल्यावर

इथे यायला मला सहा-सात आठवडे लागतात, आठवड्याला दोन तास, ३५ मिनिटांचे, त्यातली पाच मिनिटं मशीन चालू होण्यात. घाई नाही. कोड चारच ओळींचा आहे, लायब्ररी इम्पोर्ट करा, पीएलटी डॉट बार ला दिवस आणि पाऊस द्या, शीर्षक द्या, शो. दिवसांसाठी रेंज(१, ११) लिहायचं, मुलं रेंज(१, १०) लिहितात आणि नऊ दिवस विरुद्ध दहा आकडे म्हणून एरर येतो. शेवटचा आकडा हे कुंपण आहे, कुंपणाच्या अलीकडचंच मोजायचं, एवढं सांगितलं की लक्षात राहतं. न मोजलेल्या रविवारसाठी फ्लोट च्या कंसात अवतरणात नॅन (म्हणजे इथे आकडा नाही) टाका, म्हणजे चार्टवर तिथे जागा मोकळी राहते. फक्त बेरजेच्या लूपमध्ये तो नॅन शिरला की पुढचं सगळं एकूणच नॅन होऊन बसतं, त्यामुळे तिथे तो दिवस इफ लावून वगळावा लागतो.

रोजच्या पावसाला स्तंभ, एकूण वाढत जाणाऱ्या पावसाला रेषा. का? सोमवारचा १२ आणि मंगळवारचा ० ह्यांच्या मध्ये रेषा काढली तर मध्यरात्री ६ मिमी होता असं दिसतं, जे काहीच नाही. वृत्तालेखाचा मोह मुलांना खूप होतो, रंग दिसतात ना. एकदा तीस दिवसांचा वृत्तालेख काढू द्या आणि त्यातून १४ तारखेचा पाऊस सांगायला लावा, परत कुणी मागत नाही.

मराठी लेबलांची अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण पहिल्यांदा बघून माणूस घाबरतो. शीर्षक मराठीत दिलं की चौकोन-चौकोन दिसतात, कारण मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट सांगितला की अक्षरं येतात, पण आमच्याकडच्या व्हर्जनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, जिल्हा हा शब्द वाचवत नाही. मी काय करतो, चार्ट शीर्षकाशिवाय छापतो आणि शीर्षक, अक्षांची नावं, एकक मुलांना पेनाने सुंदर अक्षरात लिहायला लावतो. एकक विसरलं की चार्ट परत. चांगलं मराठी छापील हवंच असेल तर तेवढ्यापुरतं लिबरऑफिस कॅल्कमध्ये काढा, तिथे मराठी नीट उमटतं.

एरर कसे वाचायचे

लाल अक्षरं दिसली की मुलं हात वर करतात आणि तुम्ही सहा पीसींमध्ये पळत राहता. नियम करा, आधी शेवटची ओळ वाचायची, मग ओळ क्रमांक, मग त्या ओळीच्या वरची ओळ, कारण कंस आदल्या ओळीत उघडा राहिलेला असतो आणि बोंब पुढच्या ओळीवर होते. एवढं केल्याशिवाय सरांना बोलवायचं नाही. फॉर किंवा इफच्या शेवटी कोलन विसरणं आणि आतल्या ओळीला जागा न सोडणं, निम्मे एरर ह्यातच जातात.

दोन एरर मात्र लवकर सापडत नाहीत. एक म्हणजे कोड व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केला की अवतरण चिन्हं वाकडी होतात आणि पायथन ती ओळखत नाही, दिसायला सगळं बरोबर, उपाय म्हणजे ती चिन्हं खोडून परत टाईप करणं. दुसरं, इनपुटने घेतलेला आकडा हा आकडा नसतो, अक्षरं असतात. १२ आणि ३ ची बेरीज १२३ मिमी आली की वर्ग हसतो, त्या वेळी इंट (अक्षरांचा पूर्णांक करणारी कमांड) शिकवा. आणि इथे एक छान गोष्ट दाखवा, कोडमध्ये थेट मराठी १२ लिहिलं तर एरर येतो, पण इनपुटमध्ये मराठी १२ टाईप करून इंट मध्ये घातलं तर पायथन बरोबर बारा ओळखतं.

खोटं बोलणारे चार्ट

ह्याला मी पूर्ण दोन तास देतो. ९ वी अ ची हजेरी ९२ टक्के, ९ वी ब ची ९५. एकाच डेटाचे दोन चार्ट काढायला लावतो, एकात उभा अक्ष ० पासून, दुसऱ्यात वायलिम (उभा अक्ष कुठून कुठपर्यंत ते ठरवणारी कमांड) वापरून ९० पासून. दुसऱ्यात ब चा स्तंभ अ च्या अडीचपट उंच दिसतो. मुलांना कुठला चार्ट कोण वापरेल असं विचारा, ब वाले लगेच हात वर करतात. मग आठवडाभर पेपरातली, जाहिरातीतली, मोबाईलवर फिरणारी चित्रं गोळा करायला सांगा, अक्ष शून्यापासून नाही असे स्तंभ, एकक नसलेले आकडे, थ्रीडी वृत्तालेख ज्यात पुढची फोड उगाच मोठी दिसते. वहीत चिकटवायचं आणि खाली एका वाक्यात लिहायचं की ह्यात काय लपवलंय. रेषेच्या आलेखाला शून्याची सक्ती नसते हे पण सांगा, शरीराचं तापमान शून्यापासून दाखवलं तर ताप आलेला कळणारच नाही.

लाईट गेली तर १८५४ च्या लंडनची गोष्ट सांगायला राखून ठेवा. सोहो भागात कॉलरा पसरला, जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने नकाशावर घराघरातले मृत्यू छोट्या काळ्या पट्ट्यांनी दाखवले आणि त्या पट्ट्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेल्या निघाल्या. पंपाचा दांडा काढायला लावला. मग फळ्यावर आपल्या गावाचा नकाशा काढून हातपंप, विहिरी, टाक्या मुलांना दाखवायला सांगा, कागद-पेनावर तास होतो.

काय मोजू नये

वजन, उंची, मार्क, घरचं उत्पन्न, जात, ह्यातलं काहीही वर्गाच्या चार्टवर आणू नका, नावं काढून टाकली तरी नको. चाळीस जणांच्या वर्गात सगळ्यात उंच स्तंभ कुणाचा आहे हे सगळ्यांना कळतं आणि ते पोर वर्षभर त्या नावाने ओळखलं जातं. स्टँडवर एसटी किती उशिरा आली, बाजारात कोथिंबिरीची जुडी कितीला, घरच्या लाईट बिलावरचे युनिट (ज्यांना द्यायचे त्यांनीच), शाळेच्या नळाला पाणी किती वेळ होतं, मोजायला खूप काही आहे.

मूल्यमापनाला लेखी पेपर घेऊ नका. प्रत्येक जोडीने एक चार्ट आणि त्याखाली एक वाक्य लावायचं, आणि बाकी वर्गाने तीन प्रश्न विचारायचे, आकडे कुणी मोजले, कुठले दिवस नाहीत, आणि हेच वाक्य खोटं ठरेल असा काही मार्ग आहे का. काही मुलं मोबाईलवर एआयकडून कोड लिहून आणतात, मी हरकत घेत नाही, पण कुठलीही एक ओळ मी झाकणार आणि ती काढली तर काय होईल ते सांगायचं, पाटीवर करून दाखवायचं. ज्याने समजून आणलंय त्याला ते येतं.

आणि रजिस्टर जपून ठेवा, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या जूनमध्ये नवीन आठवी येईल तेव्हा तिच्याकडे पहिल्या दिवसापासून दुसऱ्या वर्षाची यादी तयार असेल. दोन वर्षांचे चार्ट शेजारी लावताना उभा अक्ष दोन्हीकडे सारखाच ठेवा, मॅटप्लॉटलिब प्रत्येक चार्टला आपापला अक्ष घेतं आणि मग कोरडं वर्षही ओल्या वर्षाइतकंच भरलेलं दिसतं. आमच्या पोर्चमधल्या फलकावर आता तीन वर्षांचे जून एकाखाली एक आहेत, सगळे ० ते १२० मिमी, आणि पहिल्या वर्षाच्या जूनमधली ती एक रविवारची जागा मोकळी आहे, शेजारी पेनाने लिहिलंय, कुणी आलं नव्हतं.